विहारयात्रा आणि धर्मयात्रा : सोपारा–वसईचा किनारा



दिवाळीच्या सुट्टीचे बेत आपल्या घरांतून हल्ली पर्युषण आटोपताच आखले जातात. पूर्वी पालिताणा, सम्मेदशिखरजी, श्रवणबेळगोळ एवढ्यावर संपणारी यादी आता दुबई, बाली, फुकेत आणि फिलिपिन्सच्या बेटांपर्यंत पोहोचली आहे. यात गैर काही नाही. व्यापाऱ्याच्या मुलाने समुद्र ओलांडू नये असे आपल्या कथाग्रंथांनी कधी सांगितले नाही. श्रीपालराजाची निम्मी कथा तर जहाजांवरच घडते. मात्र समुद्र पाहायचाच असेल तर परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी आपल्याच राज्यातील एक किनारा पाहून घ्यावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. मुंबईच्या उत्तरेस वसई-विरार महानगरपालिका आहे. सोपारा, वसई, आगाशी, अर्नाळा ही चार नावे त्या एकाच शहराच्या परिसरात येतात. त्यांपैकी सोपाऱ्याचा आणि आमच्या पैठण तालुक्याचा संबंध सुमारे दोन हजार वर्षांचा आहे.

आज ‘नालासोपारा’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती लोकलची गर्दी आणि एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती. या गर्दीच्या पश्चिमेस जुने सोपारा गाव आहे. संस्कृत ग्रंथांतील ‘शूर्पारक’ आणि प्राकृतातील ‘सोपारय’ ते हेच. अपरांताची, म्हणजे उत्तर कोकणाची, ही प्राचीन राजधानी आणि पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात भडोच, सोपारा आणि कल्याण ही बंदरे ओळीने येतात. त्याच पुस्तकात आपले पैठणही आहे आणि तेर, म्हणजे तगर, हेही आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड व तेरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून, भडोचपर्यंत नेले जाई, आणि भडोच ते पैठण हा प्रवास वीस दिवसांचा होता, असे तो लेखक नोंदवतो.

पैठणच्या मालाने जवळचे कल्याण आणि सोपारा सोडून एवढ्या दूरच्या भडोचला का जावे? उत्तर त्याच पुस्तकात सापडते. कल्याणचे बंदर तेव्हा राजकीय वादात सापडले होते. तिथे चुकून एखादे ग्रीक जहाज आले, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई. म्हणजे आजच्या भाषेत ही नाकेबंदीच. बाजारपेठ दोन राजांच्या भांडणात बंद पडते आणि गाडीभाडे व्यापाऱ्याच्या अंगावर येते, ही गोष्ट पाचोडच्या मोसंबी बाजारात बसणाऱ्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही. पुढे सातवाहनांनी तो मुलूख परत मिळवला आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटातून कोकणात उतरणारी वाट पुन्हा भरून वाहू लागली.

सोपाऱ्यात पाहायचे काय? येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की डोळ्यांना सुख देणारे फारसे काही नाही. स्थानिक लोक ज्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत, तो विटांचा एक मोठा उंचवटा आहे. सभोवती कुंपण, थोडी झाडी आणि त्यापलीकडे वस्ती. हा स्तूप आहे हे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन करून सिद्ध केले. जुनागढचे हे गृहस्थ इंग्रजी विद्यापीठातून शिकलेले नव्हते, पण जुन्या लिपी वाचण्यात त्यांचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते. स्तूपाच्या मध्यभागी त्यांना एक मोठी दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत सोन्याची फुले आणि मातीच्या एका पात्राचे तुकडे होते. भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपलेले असावेत असे मानतात. तांब्याच्या करंडकाभोवती आठ लहान कांस्यमूर्ती ठेवलेल्या होत्या. मूर्ती बऱ्याच नंतरच्या काळातील असल्याने स्तूप मध्यंतरी एकदा उघडला गेला असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे.

त्या करंडकांबरोबर एक चांदीचे नाणेही निघाले. त्यावर नाव आहे गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे. पैठण ज्यांच्या वैभवाने ओळखले गेले त्या सातवाहन घराण्यातील हा राजा. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सोन्याच्या डबीपेक्षा या नाण्याचे अप्रूप अधिक वाटले तर नवल नाही. सोन्यावर काळ लिहिलेला नसतो, नाण्यावर असतो. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यातील भाटेला तळ्याच्या परिसरात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुटका दगड सापडला. तो आठव्या आज्ञापत्राचा अंश होता. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या आज्ञापत्राचा तुकडा मिळाला. या दोन आज्ञापत्रांचे विषय कोणते, हे ठाऊक असल्याशिवाय सोपाऱ्याला जाण्यात अर्थ नाही.

आठवे आज्ञापत्र प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे ‘विहारयात्रा’ करीत, म्हणजे मौजेसाठी हिंडत आणि त्यात मृगया असे. आपल्या राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेथून त्याने ‘धर्मयात्रा’ सुरू केली. या यात्रेत काय होई, तेही तो सांगतो. श्रमण व ब्राह्मणांचे दर्शन घ्यावे व त्यांना दान द्यावे, वृद्धांना भेटून त्यांना धन द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावे, त्यांच्याशी धर्माविषयी बोलावे. आणि यात पूर्वीच्या कोणत्याही सुखापेक्षा अधिक आनंद मिळतो असे तो म्हणतो. यात ‘श्रमण’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. शिकार सोडण्याचा आनंद दगडावर कोरून ठेवणारा राजा जैन वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही.

नववे आज्ञापत्र मंगलकार्यांविषयी आहे. आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे विधी करतात आणि त्यांचे फळ थोडे असते, असे त्यात म्हटले आहे. मग अधिक फळ देणारे मंगल कोणते? तर नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांच्या बाबतीत संयम बाळगणे आणि श्रमण-ब्राह्मणांना दान देणे. विवाह सोहळ्यांच्या खर्चाविषयी आपल्या समाजाच्या सभांत जे ठराव होतात आणि दुसऱ्याच मोसमात मोडतात, त्यांची आठवण होऊन मला क्षणभर हसू आले. बावीसशे वर्षांपूर्वीही लोक ऐकत नसावेत, नाही तर राजाला हे दगडावर लिहावे लागले नसते. आठव्या आज्ञापत्राचा दगड मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्यास जाण्याच्या आदल्या दिवशी तो मुलांना दाखवावा, असा माझा आग्रह आहे. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत. आपल्या आगमांच्या भाषेची ती बहीणच आहे.

सोपारा हे बौद्धांचे जसे, तसे जैनांचेही जुने तीर्थ होय. चौदाव्या शतकात आचार्य जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्प’ रचला. त्यात सोपारकातील जीवंतस्वामी ऋषभदेवांच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. ते प्राचीन मंदिर आज उभे नाही. श्रीपालचरित्रातही सोपारक नगर येते. पण मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा श्वेतांबर पट्टावल्यांत सांगितलेली आहे आणि ती सोपाऱ्यातील एका व्यापारी घराची आहे.

आर्य वज्रस्वामींच्या काळी बारा वर्षांचा दुष्काळ पडला. सोपाऱ्यात जिनदत्त नावाचे श्रेष्ठी, त्यांची पत्नी ईश्वरी आणि चार पुत्र राहत होते. घरात द्रव्याची वाण नव्हती, पण बाजारात धान्य उरले नव्हते. अखेर एक लाख मोजून एका हंडीपुरते तांदूळ मिळाले. उद्या तेही मिळणार नाहीत, उपाशी तडफडण्यापेक्षा सगळ्यांनी एकदाच डोळे मिटावेत, म्हणून ईश्वरीने त्या भातात विष कालवण्याची तयारी केली. त्याच वेळी वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेन मुनी गोचरीसाठी दारात आले. तिने खरे काय ते सांगितले. मुनींना गुरूंचे शब्द आठवले : ज्या दिवशी एक लाखाची हंडी शिजताना दिसेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. त्यांनी तिला विष टाकू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धान्याने भरलेली जहाजे सोपाऱ्याच्या बंदरात लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ति आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले निघाली. श्वेतांबर परंपरेतील अनेक गच्छ आपली गुरुपरंपरा चंद्रकुलापर्यंत नेतात.

कथेकडे इतिहास म्हणून पाहावे की श्रद्धा म्हणून, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी तिच्याकडे मराठवाड्याचा माणूस म्हणून पाहतो. बाहत्तरच्या दुष्काळात परदेशातून जहाजांनी आलेल्या लाल मिलोची भाकरी माझ्या वयाच्या लोकांनी खाल्लेली आहे. घशाखाली न उतरणाऱ्या त्या भाकरीने किती घरे जगवली, हे ज्यांनी पाहिले त्यांना जिनदत्त श्रेष्ठींची सकाळ समजते. पैसा हा धान्याचा पर्याय नव्हे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. ईश्वरीच्या हंडीत ते दिसते. आणि कडाक्याच्या दुष्काळातही तिने दारात आलेल्या साधूपासून काही लपवले नाही, याचे मला त्याहून मोठे आश्चर्य वाटते.

ते बंदर आता नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि समुद्र दूर सरकला. तरी अकराव्या शतकाच्या शेवटापर्यंत तेथे जहाजे लागत होती. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटात शिलाहार राजा अनंतदेव याने भाभण श्रेष्ठी या आपल्या अमात्याला आणि त्याच्या बंधूला ठाणे, नागपूर, शूर्पारक व चेऊल या बंदरांत जकात माफ केली आहे. (यातले नागपूर विदर्भातले नव्हे, कोकणातले.) सवलतीचा हा सर्वांत जुना आदेश नसेल, पण श्रेष्ठींना मिळालेला आणि तांब्यावर टिकलेला आहे. आपल्याकडे जकातमाफीची परिपत्रके कागदावर येतात आणि पुढच्या अर्थसंकल्पात जातात. याच शिलाहार काळातली ब्रह्मदेवाची एक भव्य मूर्ती सोपाऱ्यातील चक्रेश्वर महादेव मंदिराच्या आवारात आहे. तळ्याकाठी, सावलीत. तिथे अर्धा तास बसावे.

सोपाऱ्याचे बंदर भरत आले आणि दक्षिणेस थोड्या अंतरावर वसई पुढे आली. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली, त्याबरोबर मुंबईची बेटेही गेली. मुंबई पुढे १६६१ च्या विवाह करारातून हुंड्यात इंग्रजांकडे गेली, वसई मात्र पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी म्हणून २०५ वर्षे राहिली. किल्ला विस्तीर्ण आहे. छप्पर उडालेली चर्चे, उंच कमानी, भिंतींतून उगवलेले वड-पिंपळ, जमिनीत बसवलेल्या थडग्यांवरची अक्षरे. छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते, लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेणाऱ्या जोडप्यांची तर फारच. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मोठी मनुष्यहानी सोसून हा कोट घेतला. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. त्याच गोदावरीच्या काठी पुढे पैठण आहे. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाई गहाण टाकली. कर्जदार किती तारण देतो यापेक्षा कोणाकडे देतो, हे अधिक पाहावे, एवढेच मी त्यावर म्हणेन.

फिलिपिन्सचे वेड असलेल्या तरुणांना वसईत एक गोष्ट जरूर सांगावी. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तारुण्यात जपानकडे गेले, मकाव येथे राहून त्यांनी व्यापार केला आणि त्यात बस्तान बसवले. मग सारे सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाले. १५९७ साली जपानात नागासाकी येथे त्यांना इतर सोबत्यांसह क्रुसावर ठार मारण्यात आले. १८६२ साली रोमने त्यांना संतपद दिले. व्यापार सोडून विरक्त होणारा श्रेष्ठिपुत्र ही आपल्याकडची ओळखीची गोष्ट, ती वसईतही घडलेली आहे. तेथील ख्रिस्ती समाज अस्सल मराठी बोलतो. २०२० साली आपल्या मराठवाड्यात, धाराशिवला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच.

विरारच्या पश्चिमेस आगाशी. येथील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मूळनायकांची प्रतिमा सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळाली अशी परंपरा आहे आणि मंदिराशी मुंबईचे दानशूर मोतीशा शेठ यांचे नाव जोडलेले आहे. स्वतःची जहाजे बाळगणारा हा व्यापारी. पालिताण्याची मोतीशा टूंक आणि १८३४ साली सुरू झालेली मुंबईची पांजरापोळ यांमागे त्यांचाच हात होता. पैठणच्या अतिशय क्षेत्रातही मुनिसुव्रतनाथच आहेत, वालुकामय मूर्तीच्या रूपाने. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरातही तेच. पंथ वेगळे, पूजाविधी वेगळे, पण घाटाच्या वर आणि खाली, जुन्या व्यापारी वाटेच्या दोन्ही टोकांना विसावे तीर्थंकर विराजमान आहेत, हा योग मला दर वेळी विचारात पाडतो.

आगाशीला सुकेळी अवश्य घ्यावीत. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, पानांत बांधून ठेवतात. मधासारखी गोड लागतात आणि दिवसेंदिवस टिकतात. प्रवासात, सूर्यास्तापूर्वी कुठे पोहोचता आले नाही तर उपयोगी पडणारा याहून चांगला जिन्नस मला ठाऊक नाही. अर्नाळ्याचा जलदुर्ग होडीने जाऊन पाहता येतो. बाजीराव पेशव्यांच्या काळात, १७३७ साली, त्याची नव्याने उभारणी झाल्याचा लेख तेथे आहे. किनाऱ्यावर कोळी बांधव मासळी वाळत घालतात. आपल्या नाकाला त्या वासाची सवय नसते, पण मुलांनी नाक दाबून, तोंड वाकडे करून चालू नये, एवढे त्यांना आधी बजावून ठेवावे. ते त्यांचे अंगण आहे, आपण पाहुणे.

जाण्याचा मार्ग सोपा. संभाजीनगरहून मुंबईच्या गाडीने दादर, तेथून पश्चिम रेल्वेची विरार लोकल. मात्र सकाळी मुंबईकडे व संध्याकाळी विरारकडे जाणारी गाडी वडीलधाऱ्यांना घेऊन धरू नये. दोन दिवस पुरतात. मुक्कामाची व चौविहारापूर्वीच्या भोजनाची चौकशी आधीच करून निघावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते.

स्वतःची गाडी असेल तर परतताना मात्र समृद्धी महामार्गाच्या मोहात पडू नये. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट असे वर येऊन जुन्नरमार्गे नाणेघाटाच्या माथ्यावर जावे. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा यज्ञदानांचा प्रदीर्घ लेख आहे. गायी आणि कार्षापण यांचे आकडे त्यात अंकांत कोरलेले आहेत. हिशेबाची आवड असणाऱ्या घराने हे अंक पाहिलेच पाहिजेत, कारण आपल्या देशात कोरलेल्या सर्वांत जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे म्हणतात. पण मी सांगतो ते या दोन्हींविषयी नाही. नाणेघाटात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतील एकावर दीड ओळीचाही नसेल एवढा लहान लेख आहे : सोपाऱ्याचा रहिवासी गोविंददास याने ही ‘पोढी’ धर्मदान म्हणून दिली. पोढी म्हणजे टाके. सोपाऱ्याचे वाडे, वखारी, धक्के, खतावण्या यांतले काही उरले नाही. त्या बंदरातला हा एक माणूस घाट चढून इतक्या वर आला आणि कोणा अनोळखी गाडीवानाच्या तहानेसाठी त्याने खडक फोडून घेतला. पुढे आळेफाटा, अहिल्यानगर, शेवगाव करीत पैठणला, आणि तेथून पाचोडला येता येते. पावसाळ्यानंतर गेल्यास टाक्यांत पाणी असते.